शिकलेली पोरं बेकार आणि कंपन्यांना माणसं मिळत नाहीत, हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. आपल्यासारख्या विकसनशील देशांत शिकलेल्यांनाच जास्त बेकारी का, ही एक. आणि बीएस्सी करून पुण्यात सरकारी भरतीची तयारी करणाऱ्या तुमच्या धाकट्या भावाने ते सोडून चाकणला लागावं का, ही दुसरी. मी चाकणमध्येच गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात एचआरला आहे. तुमच्या भावासारखी मुलं कागदांची फाईल घेऊन ज्या टेबलासमोर उभी राहतात, त्याच्या पलीकडच्या खुर्चीत मी बसतो. उत्तर वाचताना एवढं लक्षात ठेवा.

पहिल्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर असं: गरिबाला बेकार राहणं परवडत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट यांनी २०२४ मध्ये भारतातल्या रोजगारावर एक अहवाल काढला. त्यात २०२२ ची तरुणांची आकडेवारी आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेकारीचं प्रमाण ३.४ टक्के, तर पदवीधरांत २९.१ टक्के. म्हणजे जवळपास नऊपट. त्याच अहवालानुसार एकूण बेकारांमध्ये दहावी किंवा त्यापुढे शिकलेल्या तरुणांचा वाटा २००० साली ५४.२ टक्के होता, तो २०२२ मध्ये ६५.७ टक्क्यांवर गेला. यावरून ‘शिकून काय उपयोग’ असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात. तो चुकीचा आहे. ज्याच्या घरी चूल पेटायला आजची मजुरी लागते तो मिळेल त्या कामाला जातो आणि सर्वेक्षणात ‘रोजगार असलेला’ म्हणून नोंदला जातो. ज्याच्या मागे दोन-तीन एकर, दुभती म्हैस किंवा नोकरदार मोठा भाऊ आहे तो थांबू शकतो. थांबला की तो बेकार ठरतो.

म्हणून देशादेशांचे बेकारीचे दर शेजारी ठेवून काढलेल्या तक्त्यांवर माझा फारसा विश्वास नाही. नायजेरियाचं उदाहरण बघा. तिथे २०२० च्या अखेरीस बेकारी ३३.३ टक्के होती. २०२३ मध्ये मोजण्याची पद्धत बदलली, आठवड्यात एक तास काम केलेला माणूसही कामावर धरला गेला, आणि दर ४.१ टक्क्यांवर आला. ही पद्धत आंतरराष्ट्रीय आहे, आपल्याकडच्या साप्ताहिक मोजणीतही तोच एक तास आहे. पण त्या एका आकड्यामुळे लागोसमधल्या एकाही पोराच्या खिशात काही पडलं नाही. आपल्या सर्वेक्षणात बापाच्या शेतात पाणी धरणारा पदवीधर ‘घरच्या उद्योगातला बिनपगारी मदतनीस’ म्हणून रोजगारात जातो. २०१७-१८ ला १५ ते २९ वयोगटातली बेकारी १७.८ टक्के होती, २०२३-२४ ला ती १०.२ झाली. ऐकायला छान आहे. पण त्याच काळात शेतीवर अवलंबून असणाऱ्यांचा वाटा घटायच्या ऐवजी वाढला आणि ४६ टक्क्यांच्या आसपास गेला. देश श्रीमंत होताना माणसं शेतीतून बाहेर पडतात, आपल्याकडे कोविडनंतर ती परत गेली. बायकांच्या बाबतीत तर हे आणखी ठळक आहे. कामातला त्यांचा सहभाग वाढला म्हणून जे आकडे मिरवले जातात, त्यातला मोठा भाग घरच्या शेतीतल्या आणि स्वतःच्या किरकोळ धंद्यातल्या कामाचा आहे.

आता तुमच्या प्रश्नातला खरा पेच. कंपन्या म्हणतात माणसं मिळत नाहीत, आणि भरती निघाली की अर्जांचा महापूर. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर आले. खुल्या गटाला शुल्क हजार रुपये, राखीवला नऊशे. किती पैसे जमले याचा हिशेब तुम्हीच करा. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागा आणि साडेसतरा लाखांवर अर्ज. माझ्या क्षेत्रातले लोक हे वाचून म्हणतात, ‘या पोरांना कष्ट नकोत, सरकारी खुर्ची हवी.’ चहाच्या टपरीवर मीही हे रोज ऐकतो. मला ते पटत नाही, कारण पगाराचे कागद माझ्याच टेबलावर असतात.

तलाठ्याची वेतनश्रेणी २५,५०० पासून सुरू होते, पोलीस शिपायाची २१,७०० पासून. हे मूळ वेतन. त्यावर महागाई भत्ता, घरभाडं, दरवर्षी वेतनवाढ. आमच्याकडे ठेकेदारामार्फत लाईनवर येणाऱ्या पदवीधराच्या हातात ओव्हरटाईम धरून पंधरा-सोळा हजार पडतात. त्यातून खोलीचं भाडं, मेस आणि घरी पाठवायचे पैसे. पण नुसत्या पगारातल्या फरकाने पोरं अभ्यासिकेत चिकटून बसली नसती. मोठा फरक पुढच्या वर्षाचा आहे. तलाठी पाच वर्षांनी कुठे असेल हे त्याच्या होणाऱ्या सासऱ्यालासुद्धा सांगता येतं. आमच्या लाईनवरचा मुलगा पाच वर्षांनी कुठे असेल? बहुतेक वेळा त्याच लाईनवर, किंवा शेजारच्या कंपनीच्या तशाच लाईनवर, पुन्हा नवा माणूस म्हणून.

असं का होतं, तर ‘ब्रेक’मुळे. वर्षभरात २४० दिवस भरले की कामगाराला कायम करण्याचा प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यांसाठीच्या नमुना सेवानियमांत, ती तरतूद होती, आणि २०२५ पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्यातही कपातीच्या वेळची भरपाई याच २४० दिवसांशी जोडलेली होती. कायदा कामगाराच्या भल्यासाठी केला. व्यवहारात काय झालं, तर सहा-सात महिने झाले की ठेकेदार मुलाला सांगतो, ‘थोडे दिवस गावाला जाऊन ये.’ मुलगा परत येतो तेव्हा ठेकेदाराचं नाव बदललेलं असतं, काम तेच. कधी ट्रेनी, कधी शिकाऊ, कधी आणखी काही. पाट्या बदलतात. माझ्यासमोर असे अर्ज येतात ज्यात सात कंपन्यांचा अनुभव लिहिलेला असतो आणि एकाही ठिकाणी वर्ष पूर्ण नसतं. नव्या मॅनेजरला वाटतं, मुलगा टिकत नाही.

कारखानदाराची बाजूही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. आम्ही मोठ्या गाडी कंपनीला माल देतो. तिचं वेळापत्रक महिन्याला बदलतं. दिवाळीआधी तीन पाळ्या, जानेवारीत एक. दरवर्षी ती आमच्याकडून भाव कमी करून मागते. कायम कामगार घेतला तर मंदीच्या महिन्यातही त्याचा पगार द्यावाच लागतो. म्हणून मालक कायम माणसं कमीत कमी ठेवतो आणि चढउतार सगळा ठेकेदारीच्या पोरांवर ढकलतो. शिवाय जिथे पूर्वी डझनभर वेल्डर लागत तिथे आता रोबोट आहेत. उत्पादन वाढलं म्हणून माणसं त्या मानाने वाढत नाहीत. भारतात कारखानदारीचा राष्ट्रीय उत्पन्नातला वाटा कित्येक वर्षं १५ ते १७ टक्क्यांच्या आसपास रेंगाळला आहे. शेतीतून निघालेल्या माणसाला सामावून घेणारी जी मधली पायरी पूर्व आशियातल्या देशांना मिळाली, ती आपल्याकडे अरुंदच राहिली.

दुसरीकडे पदव्या मात्र फोफावल्या. महाराष्ट्रात १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली. त्याआधी आपली पोरं कर्नाटकात देणग्या भरून जायची, त्यामुळे निर्णय तेव्हा योग्यच वाटला असणार. खेड्यापाड्यातल्या किती घरांत पहिला इंजिनिअर त्यामुळे झाला हेही खरं. पण कॉलेज काढायला जमीन, इमारत आणि राजकीय ओळख पुरते. त्या इंजिनिअरला काम देणारा कारखाना तेवढ्यावर उभा राहत नाही.

‘कौशल्य नाही’ हे पालुपद मात्र अर्धंच खरं आहे. लाईनवरच्या साध्या ऑपरेटरचं काम मुलगा आठवड्यात शिकतो. तिथे कौशल्याची टंचाई नसते, त्या पगारात टिकणाऱ्यांची असते. खरी टंचाई वेगळी आहे: सीएनसीचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्राचा सेटर, टूलरूममधला फिटर, बंद पडलेली मशीन रात्री दोनला चालू करून देणारा मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन. ही माणसं आम्ही शोधत असतो, आणि ती तीन-चार वर्षं एका ठिकाणी हात काळे केल्याशिवाय तयार होत नाहीत. सात महिन्यांनी ब्रेक दिल्यावर ती तयार होणार कशी? आम्ही शिकवायचं आणि शेजारच्याने दोन हजार जास्त देऊन पळवायचं, या भीतीने कोणी शिकवत नाही. मग सगळे मिळून परिषदेत भाषण करतात की तरुण रोजगारक्षम नाहीत.

सरकार मध्ये पडतं ते बहुतेक विद्यावेतन घेऊन. राज्याची २०२४ ची युवा कार्य प्रशिक्षण योजना आठवत असेल: बारावीला सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीधराला दहा हजार, सहा महिने, पुढे ती मुदत अकरा महिन्यांवर नेली. मुदत संपल्यावर प्रशिक्षणार्थी ‘आम्हाला कायम करा’ म्हणत आंदोलनाला बसले. त्यांना हसणारे बरेच होते. पण सरकारी कार्यालयात वर्षभर काम केलेल्या पोराने दुसरं मागायचं तरी काय?

हे फक्त आपलं दुखणं नाही. बांगलादेशात तयार कपड्यांच्या कारखान्यांत सुमारे चाळीस लाख माणसं काम करतात, त्यात बायकांची संख्या मोठी. म्हणजे जी मधली पायरी आपल्याकडे अरुंद आहे ती त्यांच्याकडे बऱ्यापैकी झाली. तरीही २०२४ च्या जुलैत ढाक्यात पोरं रस्त्यावर उतरली ती सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणावरून. मुक्तिसैनिकांच्या वारसांना असलेला ३० टक्के कोटा उच्च न्यायालयाच्या निकालाने परत आला होता. गोळीबार झाले, शेकडो माणसं गेली आणि ५ ऑगस्टला शेख हसीना देश सोडून गेल्या. आंदोलनाला पुढे बरीच कारणं जोडली गेली, पण ठिणगी होती नोकरभरतीची. शिवणयंत्रावरची नोकरी होती, पण विद्यापीठातून बाहेर पडलेल्याला चढता येईल अशी शिडी सरकारी खात्यापलीकडे फारशी नव्हती.

पुण्यातही त्याची सौम्य आवृत्ती आपण पाहिली आहे. मार्च २०२१ मध्ये एमपीएससीची, म्हणजे राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली तेव्हा शास्त्री रोड भरून गेला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये बँकभरतीची आयबीपीएस आणि एमपीएससी एकाच दिवशी आल्या तेव्हा पुन्हा तेच. मधल्या काळात आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटला, शिक्षक पात्रता परीक्षेचा (टीईटी) घोटाळा निघाला. आणि २०१६ मध्ये राज्यसेवेसाठी खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ केली. मागणी मुलांचीच होती आणि जाहिराती वेळेवर निघत नसताना ती रास्तही होती. पण त्यामुळे ‘आता पुरे’ म्हणायची वेळ पाच वर्षं लांबली. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा तिशीतला मुलगा आज नवलाचा राहिलेला नाही.

तर, तुमचा भाऊ. तो आळशी नाही आणि वेडाही नाही, एवढं आधी घरच्यांना सांगा. समोरच्या दोन वाटा बघता त्याचं थांबणं हिशेबी आहे. मात्र त्या हिशेबात दरवर्षी बदल होतो. पूर्वपरीक्षा सहज निघते आणि मुख्य परीक्षेत थोडक्यात जाते असं असेल तर आणखी एक प्रयत्न समजण्यासारखा आहे. पूर्वचा कट ऑफच दूर राहत असेल तर तिसरं वर्ष चौथ्याकडेच नेतं. हे त्याला कोणी क्लासवाला सांगणार नाही, त्याची फी तुमच्या भावाच्या आशेवर चालते.

चाकणला यायचं ठरलं तर ‘कुठेही लाग’ म्हणून पाठवू नका. पगार किती हे सगळेच विचारतात. त्याने विचारावं की काम कंपनीच्या रोलवर आहे की ठेकेदाराच्या. पीएफ पहिल्या महिन्यापासून कापला जातो का आणि जुनाच यूएएन नंबर, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, चालू ठेवणार का. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड किती दिवसांत मिळतं. सहा महिन्यांनी ब्रेक आहे का. शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस गडबडला तर उत्तर मिळालं. बीएस्सीला विषय रसायनशास्त्र असेल तर असेंब्लीच्या लाईनऐवजी क्वालिटी, प्लेटिंग किंवा पेंट शॉपची प्रयोगशाळा, किंवा दौंडजवळच्या कुरकुंभकडच्या केमिकल कंपन्या बघाव्यात. तिथे सुरुवात चार पैसे कमी असेल, पण विषयाचा उपयोग होतो आणि दोन वर्षांनी अर्जावर लिहिण्यासारखं काहीतरी असतं. शिकाऊ उमेदवारी घेणार असेल तर ती शिकाऊ उमेदवार कायद्याखाली नोंदवलेली आहे आणि शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळणार आहे याची लेखी खात्री करावी. विद्यावेतन कमी असतं, पण ते प्रमाणपत्र दुसऱ्या कारखान्याच्या गेटवर ओळखलं जातं. ठेकेदाराने दिलेलं अनुभवाचं पत्र आम्ही बहुतेक वेळा बाजूला ठेवतो, हेही त्याला आत्ताच सांगून ठेवा.