नवरा तपासणीला तयार नसेल तर?

ताई, तुम्ही लिहिलंय की लग्नाला पाच वर्षं झाली, तुमचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, नवरा स्वतःची तपासणी करत नाही, सासूबाई दुसऱ्यांच्या डोहाळजेवणाला नेत नाहीत, तर चांगला डॉक्टर सुचवा. डॉक्टरचं नाव मी देणार नाही. नवऱ्याबद्दल मात्र बोलते.

आम्ही भोईवाड्यात चाळीत राहायचो, केईएम रुग्णालय हाकेच्या अंतरावर. शास्त्रीय नोंद असलेलं देशातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ तिथलंच, ६ ऑगस्ट १९८६ चं, डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून झालेलं. चाळीतल्या बायका हे अभिमानाने सांगायच्या आणि मला सोमवार धरायला लावायच्या. ह्यांना कोणी काही धरायला सांगितलं नाही. माझी सोनोग्राफी झाली, रक्त झालं, गर्भनलिकांचा तो जीवघेणा एक्स-रे झाला. मग एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मिस्टरांचा रिपोर्ट कुठाय? तो केला, तर शुक्राणू जवळजवळ नव्हतेच.

त्याच रात्री जेवताना हे म्हणाले, "आई, दोष माझ्यात आहे. हिला कोणी बोलायचं नाही." सासूबाईंनी ताट सारलं, पण त्यानंतर एक टोमणा मारला नाही. ह्यांच्या आत्यांना मात्र ते पटलंच नाही. धाकट्या जावेच्या मुलाचं बारसं होतं. "कोणी गोविंद घ्या" म्हणत बाळ पाळण्याखालून द्यायचं, मी एका बाजूला उभी. आत्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हिच्या हातात नको." हे गॅलरीतून आत आले, बायकांच्या घोळक्यात उभं राहून पुन्हा तेच सांगितलं, की रिपोर्ट माझा खराब आहे. आत्या म्हणाल्या, "बायकोवर पांघरूण घालतोस." जावेने एक शब्द न बोलता बाळ माझ्या हातात दिलं.

आत्या आजही लग्नकार्यात हेच सांगतात. पुरुषाने तोंडाने कबूल केलं तरी लोकांना ते ऐकायचं नसतं, कारण ते मानलं तर लेकाच्या दुसऱ्या लग्नाची धमकी कोणाला द्यायची?

मूल न होणाऱ्या जोडप्यांत साधारण निम्म्या वेळा पुरुषाच्या बाजूचंही कारण असतं. वीर्यतपासणी स्वस्त, त्यात सुई नाही की भूल नाही. आधी दोन ते सात दिवस वीर्यपात होऊ न देता नमुना द्यायचा. कमी आलं तर पुन्हा करायची, कारण शुक्राणू तयार व्हायला अडीचेक महिने लागतात आणि मधल्या तापानेही आकडा पडतो. व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा, निघालं तर ऑपरेशनने फरक पडू शकतो. हे सगळं सोडून बाईला आधी टेबलावर झोपवणं हा मला सरळ अन्याय वाटतो. नवऱ्याचा रिपोर्ट येईपर्यंत तुम्ही एकही नवीन सुई घेऊ नका आणि हे सासूबाईंसमोर, तो घरात असताना सांगा.

अर्थात मी डॉक्टर नाही, आणि तुमच्या घरची माणसं मला माहीत नाहीत. पस्तिशी ओलांडली असेल तर या हट्टात वर्ष घालवू नका. आयव्हीएफपर्यंत, म्हणजे टेस्ट ट्यूबच्या उपचारापर्यंत, गेलात तर केंद्र अशा उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्याखाली नोंदलेलं आहे का ते आधी बघा. आम्ही त्या वाटेला गेलोच नाही. दोघंच राहिलो, आणि आमचा संसार अर्धवट आहे असं आम्हाला एकदाही वाटलेलं नाही. तुम्हाला डोहाळजेवणाला न नेण्याचं म्हणाल, तर "ही नाही तर मीही नाही" हे तुमच्या नवऱ्याने म्हणायला हवं.