‘अर्नेस्ट’चा सिनेमा बघायचा तर १९५२चा की २००२चा?

कोल्हापुरात हौशी ग्रुप घेऊन ऑस्कर वाइल्डचं ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ बसवताय आणि तालमीआधी एकच सिनेमा दाखवायचाय ना? मग १९५२चा दाखवा, डोळे झाकून.

त्याचा दिग्दर्शक अँथनी अ‍ॅस्क्विथनं नाटक लपवायचा प्रयत्नच केलेला नाही. सुरुवातीलाच प्रेक्षक जागेवर बसतात, पडदा वर जातो नि खेळ सुरू. नवरामुलगा तान्हा असताना हँडबॅगेत सापडला होता, हे कळल्यावर नवरीमुलीची आई झालेली एडिथ एव्हान्स नुसतं ‘अ हँडबॅग?’ म्हणते. पण आवाज असा काही ओढते की बास! शाहूपुरीत मित्राच्या माडीवर आम्ही तो तुकडा तीनदा मागं घेऊन बघितला. चहा निवून गेला.

२००२चा ऑलिव्हर पार्करचा सिनेमा देखणा आहे, जुडी डेंचही आहे. पण त्यात बलून काय, टॅटू काय! १८९५च्या या नाटकाची गंमत चेहरा गंभीर ठेवून फालतू बोलण्यात आहे. कॅमेरा हिंडायला लागला की वाक्य हातचं सुटतं.

आणि आपल्या बाजात करणार असाल तर एक सांगतो, काकडीच्या सँडविचच्या जागी मिसळ आणू नका. मावशीसाठी केलेली सँडविचं भाचाच बोलता बोलता एकेक करून फस्त करतो, आणि तेही अगदी रुबाबात. कटात पाव बुडवणाऱ्याला कसला आलाय रुबाब? नाक गळत असतं.