मिक्सरमधून ड्रम गेला कुठं?

प्रश्न : दादा, आम्ही खानापूरचे चौघं, दोस्तांच्या बँडचे व्हिडिओ करायलोय. टिळकवाडीत एका छोट्या फेस्टिव्हलला तीन मोबाईल लावले आणि आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट रेकॉर्डरवर घेतला. घरी येऊन ऐकतो तर नुसता गाणाऱ्याचा आवाज, ड्रम जवळजवळ नाहीच, गिटार विहिरीत वाजल्यागत. वर चाळीस मिनिटांच्या शोच्या शेवटी शेवटी ओठ एकीकडं आवाज एकीकडं, आणि चित्रात पट्टे पळतायत. साउंडवाल्यानं गंडवलं काय?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : नाही रे, त्याच्यावर आळ घेऊ नको. तो मिक्स करतो समोर उभ्या असलेल्या लोकांसाठी. छोट्या जागेत ड्रम तसाही कान किटवतो, गिटारचा अँप (तिचा स्वतःचा स्पीकर) स्टेजवरनंच ओरडत असतो, मग ते स्पीकरमधून कशाला वाढवायचं, कित्येकदा ड्रमला माइकच लावत नाहीत. जे मिक्सरमध्ये गेलंच नाही ते बाहेर कुठनं येणार? गणपतीत एका ऑर्केस्ट्राला मी पण हेच केलं होतं, ढोलकीवाला अजून टोमणे मारतो.

म्हणून आवाज दोन ठिकाणी घ्यायचा. एक मिक्सरचा, आणि दुसरा रेकॉर्डर स्टँडवर, लोकांच्या डोक्यांच्या वर, कोपरा सोडून. मिक्सरमधून येतो तो लाइन लेव्हलचा, म्हणजे माइकपेक्षा कितीतरी तगडा सिग्नल, रेकॉर्डरचं सेटिंग माइकवर ठेवलंस तर आवाज फाटणारच. रेकॉर्डरच्या मीटरवर लेव्हल उणे बारा डेसिबलच्या आसपास ठेव, कारण साउंड चेकपेक्षा शोमध्ये सगळे जोरातच वाजवतात. साउंडवाल्याला आधी जाऊन भेट, धारवाड साइडचा असला तर कानडीत 'सर, स्वल्प औट कोडी' (जरा आउटपुट द्या) म्हटलं की अर्धं काम होतं, उरलेलं चहावर.

घरी दोन्ही आवाज एकत्र केलेस की घुमल्यासारखं वाटेल. घाबरू नको. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे रेकॉर्डर स्टेजपासून १४ मीटरवर असेल तर ४० मिलिसेकंद उशीर, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ चित्रं, असलेल्या व्हिडिओत तो बरोबर एक फ्रेम. स्टँडवरच्या रेकॉर्डरचा ट्रॅक तेवढा सुरुवातीच्या दिशेनं ओढ की झालं.

आता ओठांचं. मोबाईल आणि रेकॉर्डर, दोघांची घड्याळं वेगळी, त्यात मोबाईलचा फ्रेम रेट आतल्या आत कमीजास्त होत राहतो. चाळीस मिनिटांत दोन-तीन फ्रेम सरकायला वेळ लागत नाही. सबंध शो एका दमात जुळवायला जाऊ नको, प्रत्येक गाणं वेगळं जुळव. ड्रमर सुरुवातीला काठ्या वाजवून चार मोजतो ना, तीच तुझी आवाज आणि चित्र जुळवायची टाळी.

पट्ट्यांचं कारण वीज. आपल्याकडं ५० हर्ट्झ, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, आणि तुम्ही मोबाईल ३० फ्रेमवर ठेवला असणार. २५ फ्रेम आणि शटर १/५० कर. एलईडी पारचं (स्टेजवरच्या रंगीत दिव्यांचं) मात्र तंत्र वेगळं, तिथं शटर थोडं थोडं हलवून शोच्या आधीच बघून ठेवायचं. आणि लाइटवाल्याला तोंडावर जरा पांढरा मागा की, नुसत्या निळ्या-जांभळ्यात माणसं भुतागत दिसतात.

प्रश्न : स्टुडिओत शूट करताना खरं वाजवायचं की ट्रॅकवर नुसतं तोंड हलवायचं?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : खरं वाजवा. तोंड हलवणारा गाणारा एक वेळ खपतो, खोटं वाजवणारा ड्रमर लगेच पकडला जातो, हातात जोरच नसतो. फक्त क्लिकवर, म्हणजे कानात टिकटिक ताल लावून वाजवा, नाहीतर तिसऱ्या टेकचा हात पहिल्या टेकच्या आवाजावर बसत नाही. तीन टेक घ्या, कपडे तेच ठेवा (आमच्या एका गिटारवाल्यानं मधेच स्वेटर काढला, सगळं एडिटिंग वाया). खोली लहानच असणार, तेव्हा एक कॅमेरा काचेपलीकडनं लावा, एक सगळे दिसतील असा न हलवता, आणि हातात धरलेला तेवढा बेसवाल्याच्या बोटांवर, ड्रमरच्या पायावर फिरू दे, गाणाऱ्याचं तोंड लोक तसंही बघतातच. एसी आणि फॅन टेकपुरते बंद. घाम येऊ दे, व्हिडिओत चांगला दिसतो.

आणि हो, शूटच्या आधी बँडची परवानगी लेखी घ्या, दोस्त असले तरी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वाजवणाऱ्याचाही हक्क धरलेला आहे, आणि बँड फुटला की दोस्ती कुठं जाते ते निपाणीत काय वेगळं सांगायचं.