तुमचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं : पापणीचे केस आत वळतात तेव्हा

प्रश्न : डॉक्टर, आम्ही डिचोलीचे. माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या, त्यांचं सगळं लहानपण राजस्थानात गेलं, वडील तिथं रेल्वेत होते. त्यांच्या वरच्या पापणीचे केस आत वळतात, डोळ्याला सारखं पाणी, आणि मग चिमटा देऊन मला ते उपटायला बसवतात. एक नातेवाईक म्हणाले या खुपऱ्या, लागण होते. चवथीला घर भरलेलं होतं तेव्हा पाठोपाठ माझ्या दोन्ही मुलांचे डोळे आले. आजीमुळेच का? त्यांचं अंथरूण वेगळं करू?

उत्तर : ताई, अंथरूण अजिबात वेगळं करू नका, म्हातारीला उगाच लागेल ते. मुलांचे डोळे आले ते बहुतेक साधे व्हायरसचे, गर्दीत येतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत जातात. फक्त मेडिकलमधून न विचारता ड्रॉप्स आणू नका, त्यात कधी स्टेरॉइड असतं आणि नको ते होऊन बसतं.

खुपरीचं गणित वेगळं आहे. तो क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस नावाच्या जिवाणूचा रोग, मुख्यतः लहान पोरांचा. डोळ्याच्या चिपडातून, शेंबडातून, हातातून, एकाच टॉवेलातून, माश्यांच्या पायांना चिकटून तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि एकाच बोटाने घरातल्या सगळ्या पोरांना ओळीने काजळ घातलं की त्यातूनही. एकदा होऊन गेली तर डोळा बरा होतो. पण वर्षानुवर्षं परत परत होत राहिली की वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला व्रण धरतो, तो आकसतो, पापणीची कड आत ओढली जाते आणि मग डोळ्याच्या दर उघडझापीला केस बुबुळावर घासतात. घासून घासून बुबुळ पांढरं पडतं, आपण म्हणतो ना डोळ्यात फूल पडलं, तेच, आणि त्यात गेलेली नजर सहसा परत मिळत नाही. बायकांना हा त्रास पुरुषांपेक्षा जास्त, कारण पोरं सांभाळायची त्यांनीच. म्हणजे सासूबाईंना खुपरी झालीच असेल तर ती लहानपणी, आता उरलाय तो व्रण, आणि व्रणाची लागण होत नाही.

आता न बघता मी ही खुपरीच असं छातीठोक नाही सांगणार. वयामुळे पापणी सैल पडूनही केस आत जातात, पण ते जास्त करून खालच्या पापणीला. तुम्ही वरची म्हणताय आणि लहानपण राजस्थानातलं, जिथं खुपरीचा जोर होता, म्हणून संशय येतो. नेत्रतज्ज्ञ पापणी उलटून बघतात, जुनी खुपरी असेल तर आत पांढऱ्या रेघा दिसतात.

आणि तो चिमटा आता पुरे. उपटलेला केस महिना-दीड महिन्यात परत येतो, आणि आखूड नि ताठ येतो, तो तर लांब केसापेक्षा जास्त टोचतो. छोटं ऑपरेशन असतं, तेवढ्या जागेपुरती भूल देऊन पापणीची कड बाहेर वळवतात, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी. काहींचे केस नंतर पुन्हा वळतात, म्हणून तपासणी चालू ठेवायची. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) नेत्र विभागात दाखवा. मोतीबिंदूला म्हातारी माणसं तयार होतात हो, पापणीचं काढलं की "केसच तर आहे" म्हणून उडवून लावतात, तेव्हा फूल पडायच्या आधी न्या.

प्रश्न : मी पेडण्यात प्राथमिक शिक्षक. भारतातनं खुपरी गेली असं वाचलं, मग पोरांच्या तोंड धुण्याचं एवढं काय?

उत्तर : सर, बातमी खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये तसं जाहीर केलं, त्यांच्या आग्नेय आशिया विभागात नेपाळ, म्यानमारनंतर आपण तिसरे. १९६३ पासून सरकारी कार्यक्रम चालू होता, म्हणजे साठ वर्षं लागली. पण शब्द आहेत "सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून" निर्मूलन. १ ते ९ वयाच्या मुलांत चालू रोग ५ टक्क्यांच्या खाली आला की तो निकष बसतो (केस आत वळलेल्या मोठ्या माणसांचा निकष वेगळा), याचा अर्थ शून्य नव्हे. रोगाचा जोर राजस्थान, गुजरात, पंजाब, हरियाणा अशा कोरड्या पट्ट्यात होता, गोव्यात तुम्हाला तो दिसायची शक्यता कमीच. तरी अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकने जिवाणू मेला आणि तोंड मात्र तसंच चिपडाचं राहिलं तर घरातल्या दुसऱ्या पोराकडून परत येतो, म्हणून औषधाच्या जोडीला पाणी, संडास आणि स्वच्छ चेहरा हे ठरलेलंच. आणि साधे डोळे येणंही हातांनीच पसरतं, त्यामुळे मधल्या सुट्टीत नळावर नाक-डोळे धुवायला लावता ते चालूच ठेवा.

प्रश्न : गूगलवर बघितलं तर क्लॅमिडिया हा गुप्तरोग दाखवतात. आईला खुपऱ्या होत्या, घरात कुणाला सांगायची लाज वाटते. (फोंडा)

उत्तर : लाज कसली? जिवाणूची जात एक, प्रकार वेगळे. खुपरी करणारे ए, बी, बीए आणि सी, गुप्तरोगाचे सहसा डी ते के. आईच्या खुपऱ्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही, खुशाल सांगा.