जाऊबाईंना तांबी मानवली, मला मानवेल का?

प्रश्न : डॉक्टर मॅडम नमस्कार, मी 27 वर्षांची, सातारा जिल्ह्यात राहते, बाळ पाच महिन्यांचं आहे. पुढच्या महिन्यात ड्युटी जॉइन करायचीय म्हणून दिवसातून दोनदा वरचं दूध सुरू केलंय. पाळी अजून आली नाहीये. सासूबाई म्हणतात अंगावर पाजतेस तोवर दिवस राहत नाहीत, पण मला भीती वाटते म्हणून दोनदा इमर्जन्सी गोळी घेतली, शेवटची महिन्यापूर्वी. दुसरं मूल हवंय पण तीन-चार वर्षांनी. जाऊबाई म्हणतात माझ्यासारखी तांबी (कॉपर-टी) बसव, त्यांना काहीच त्रास नाही. पण माझी पाळी आधीपासूनच सात-आठ दिवस खूप जायची, हिमोग्लोबिन आत्ता 9 आहे, आणि अर्धशिशी पण आहे, डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकत्या वाकड्यातिकड्या रेषा येतात. सगळ्यात चांगला उपाय कोणता?

उत्तर : अगं, एवढं सगळं नीट लिहिलंस ते फार बरं केलंस. कारण सगळ्यात चांगला कोणता याला उत्तर नसतं, तुला कोणता मानवेल याला असतं, आणि ते तुझ्या पत्रातच आहे.

आधी सासूबाईंचं. त्यांचं अर्धं बरोबर आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही, आणि पाळी आलेली नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर 100 पैकी 98 जणींना दिवस राहत नाहीत. तू वरचं दूध सुरू केलंस तिथे हा हिशोब संपला. आणि पाळी येईल मग बघू असंही करू नकोस, स्त्रीबीज आधी तयार होतं आणि पाळी त्यानंतर येते, त्यामुळे एकदाही पाळी न येता दुसऱ्यांदा दिवस गेलेल्या कितीतरी जणी मी बघितल्यात. म्हणून पहिलं काम, युरिन टेस्ट कर. शेवटच्या संबंधाला तीन आठवडे झाले नसतील तर तेवढे थांबून परत एकदा कर, तोवर कंडोम.

इमर्जन्सी गोळी त्या एका वेळेपुरती असते, 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. पुढच्या दिवसांचं संरक्षण तिच्यात नाही, त्यामुळे दर वेळी तिच्या भरवशावर राहणं म्हणजे दर महिन्याला धाकधूक.

आता मला सगळ्यात काळजी वाटते ती गोष्ट. माला-एन किंवा मेडिकलमध्ये मिळणारी तशी रोजची गोळी मैत्रिणीनं सांगितली म्हणून सुरू करू नकोस, अजिबात नको. तिच्यात इस्ट्रोजेन हे बायकी हार्मोन असतं, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत ते नको कारण दूध कमी होऊ शकतं. आणि डोळ्यांपुढे रेषा येणारी अर्धशिशी असताना त्या गोळीनं मेंदूच्या झटक्याचा म्हणजे स्ट्रोकचा धोका वाढतो, त्यामुळे बाळ मोठं झाल्यावरही ती तुझ्यासाठी नाही. मेडिकलवाला हे विचारत नाही गं, तूच प्रत्येक डॉक्टरला आधी सांगायचं.

जाऊबाईंची तांबी उत्तमच आहे, 380ए प्रकारची असेल तर दहा वर्षं चालते, 375 प्रकारची असेल तर पाच, काढली की लगेच दिवस राहू शकतात. ती काळजापर्यंत चढते वगैरे सगळं खोटं. पण तिनं पाळीत रक्त जास्त जातं, पहिले काही महिने तर नक्कीच, आणि तुझं हिमोग्लोबिन आधीच 9 वर आलंय. म्हणून आत्ता तरी नको.

मग राहतात दोन, छाया आणि अंतरा, सरकारी दवाखान्यात दोन्ही फुकट मिळतात आणि दोन्ही अंगावर पाजताना चालतात. छाया ही हार्मोन नसलेली गोळी, लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत शोधलेली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, समजा रविवारी आणि बुधवारी, नंतर फक्त रविवारी. पाळी कमी जाते, कधी लांबते. कावीळ झाली असेल किंवा पीसीओडी, म्हणजे अंडाशयात लहान लहान गाठी होण्याचा त्रास, असेल तर मात्र ती नको. अंतरा म्हणजे दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन. सुरुवातीला मधेच डाग पडतात, पुढे बऱ्याच जणींची पाळी बंदच होते, तेव्हा घाबरू नकोस, आत काही साठत नसतं, उलट तुझं रक्त वाचेल. पण बंद केल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, म्हणून दुसऱ्या बाळाच्या विचाराआधी वर्षभर सोडायचं.

तू ड्युटी, बाळ, घर असं सगळं बघणार, गोळीचा वार लक्षात राहील का ते तूच ठरव. राहणार नसेल तर अंतरा. पहिल्या इंजेक्शननंतर सात दिवस कंडोम वापरा, आणि लोहाच्या गोळ्या चालू ठेव.

प्रश्न : माझं वय 39, दोन मुलं आहेत, आता मूल नको. मिसेसला बीपी आहे, तिच्या ऑपरेशनऐवजी मी नसबंदी करावी म्हणतोय. घरचे म्हणतात अशक्तपणा येतो, जड काम होत नाही. खरं आहे का?

उत्तर : नाही, आणि तुम्ही हा विचार केलात याचा मला मनापासून आनंद झाला. 1921 साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्याला शंभर वर्षं होऊन गेली, तरी 2019-21 च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांत बायकांची नसबंदी 37.9 टक्के आणि पुरुषांची 0.3 टक्के, आणि हे बघून मला दर वेळी वाईट वाटतं. बाईचं पोटातलं ऑपरेशन असतं, तुमचं बिनटाक्याचं, जागा बधिर करून वीसेक मिनिटांत होतं आणि त्याच दिवशी घरी. फक्त शुक्रजंतूंची नळी बंद करतात. पुरुषी हार्मोन रक्तातून जातं, त्या नळीतून नाही, त्यामुळे ताकद, इच्छा, ताठरता सगळं तसंच राहतं. आठवडाभर जड उचलू नका, पुढे शेतातली सगळी कामं करा. नळी परत जोडता येते पण यशाची खात्री नसते, म्हणून मूल नको हे दोघांचं पक्कं असेल तरच करा.

एक चूक बरेच जण करतात, ऑपरेशन झालं की निर्धास्त होतात. आधीचे शुक्रजंतू पुढच्या नळीत शिल्लक असतात. तीन महिने कंडोम वापरायचा, मग वीर्य तपासून घ्यायचं, आणि रिपोर्टमध्ये शुक्रजंतू शून्य आले की मगच कंडोम बंद.