६० हजारांत पीएस५ घ्यावा की गेमिंग पीसी जोडावा?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात राहता, घरी टीव्ही आहे पण मॉनिटर नाही, बजेट ६० हजार आहे, सोनीचा पीएस५ हा टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल घ्यावा की गेमिंग पीसी जोडावा हे ठरत नाही, आणि मित्र म्हणतात, "पीएस५ घे, पीसी म्हणजे कायमची कटकट." हे शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. माझा आतेभाऊ शब्दाला शब्द हेच म्हणत आलाय, अजूनही म्हणतो.

माझं उत्तर पीसी. ग्राफिक्स कुणाचे भारी, माऊस बरा की कंट्रोलर, यावर यूट्यूबवर ढिगानं व्हिडिओ आहेत, त्यात मी भर घालत नाही. मला बोलायचंय ते मशीन बिघडल्यावर काय होतं याबद्दल. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे फारसं जाणवत नाही. आपल्याकडं जाणवतं.

मी सांगलीचा, नदीजवळच्या गावभागातला. २०१७ ला पीसी जोडला: आय५ ७४०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, ४ जीबीवालं. हे कार्ड मुद्दाम निवडलं होतं. ७५ वॅटचं आहे, मदरबोर्डच्या, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डाच्या, स्लॉटमधूनच वीज घेतं, वेगळी केबल लागत नाही, त्यामुळं साधा ४५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, पुरून उरला. त्याच दिवाळीत आतेभावानं पीएस४ स्लिम घेतला. आमच्याकडं फराळाला आला तेव्हा मी ड्रायव्हर टाकत बसलो होतो. म्हणाला, "आम्ही टीव्हीला लावला आणि दोन मॅच खेळून पण आलो. तुझं अजून इन्स्टॉलच चाललंय व्हय?" वाद सुरू झाला तो तिथून.

मग आला ऑगस्ट २०१९. सांगलीकराला सांगायला नको, पण तुमच्यासाठी सांगतो. आमच्याकडं पाण्याचं माप म्हणजे कृष्णेवरचा आयर्विन पूल. ४५ फूट ही धोक्याची पातळी. २००५ च्या महापुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं आणि तेव्हा घरात कुठवर आलं होतं त्याची खूण वडिलांनी भिंतीवर खिळ्यानं ओढून ठेवली होती. गावभागात बहुतेक घरांत अशी खूण असते आणि सगळ्यांचा हिशेब त्या खुणेवरच चालतो. आत्याचं घर आमच्यापेक्षा नदीच्या जवळ, म्हणून त्यांनी पण सामान आमच्याकडं आणलं. खुणेच्या वर चांगला हातभर असलेल्या माळ्यावर आम्ही सगळं चढवलं: गव्हाची पोती, गाद्या, मिक्सर, माझा पीसी आणि त्याला चिकटून आतेभावाचा पीएस४. घराला कुलूप लावून शहरातल्याच विश्रामबागला मावशीकडं गेलो. त्या साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. माळा बुडाला.

आठवडाभरानं परत आलो तेव्हा घरात पोटरीपर्यंत चिखल होता. बाकीचं वर्णन करत नाही, ज्यानं पाहिलंय त्याला माहीत आहे. धान्य, कपडे, आईची भांडी हे सगळं आधी झालं. मशीनकडं बघायला वेळ मिळाला तो बऱ्याच दिवसांनी.

आता महत्त्वाचं ऐका. दोन्ही मशीन एकाच माळ्यावर, एकाच पाण्यात, तेवढाच वेळ होत्या. यापेक्षा सरळ तुलना कुठल्या यूट्यूबवाल्यानं केली असेल असं मला वाटत नाही.

मी पीसी पूर्ण सुटा केला. एसएमपीएस उघडलासुद्धा नाही, सरळ टाकून दिला. बुडालेला एसएमपीएस कुणी कितीही सांगितलं तरी पुन्हा लावू नका, तिथं जिवाशी खेळ आहे. हार्ड डिस्क पण गेली, तिच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, गढूळ पाणी तिथून आत शिरतं. मदरबोर्ड, रॅम, कार्ड आधी साध्या पाण्यानं धुऊन चिखल काढला. मग इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणून त्यानं धुतलं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रश. कार्डाचा हीटसिंक काढला तर खाली चिखलाचा पातळ पापुद्रा बसला होता, ओल्या हळदीसारखा पिवळट. मेमरीच्या चिपांच्या कडेनं तो ब्रशच्या टोकानं काढताना हात थरथरत होता. दोन्ही पंखे गच्च बसले होते.

मदरबोर्डचा निकाल बघताक्षणी लागला. बोर्डावर जो नाण्याएवढा सेल असतो तो पाण्यातही वीज देतच राहतो, त्यामुळं गंज सगळ्यात आधी तिथं धरतो. सेलच्या भोवतीचे तांब्याचे मार्ग हिरवे होऊन तुटले होते. बोर्ड गेला. पण प्रोसेसर सॉकेटमधून काढला, पुसला. रॅमच्या सोनेरी पट्ट्या पेन्सिलच्या खोडरबरानं घासल्या. मित्राच्या दुकानात जुन्या एच११० मदरबोर्डावर सगळं चढवलं, कार्डाला नवा पंखा बसवला, बटण दाबलं आणि डिस्प्ले आला. जुना बोर्ड, नवा एसएमपीएस, हार्ड डिस्कच्या जागी २४० जीबीची एसएसडी आणि पंखा मिळून आठ हजारांच्या आत काम झालं. प्रोसेसर, रॅम आणि कार्ड, म्हणजे ज्यात खरे पैसे गुंतले होते त्या तिन्ही वस्तू, जुन्याच राहिल्या.

पीएस४ मध्येही तसाच सेल असतो आणि तिथंही गंज त्याच्याच भोवती होता. पण त्याचा प्रोसेसर, ग्राफिक्स आणि मेमरी सगळं एकाच बोर्डावर डकवलेलं. बोर्ड गेला की सगळं गेलं. वर आणखी एक भानगड: डिस्क ड्राइव्हचं सर्किट त्याच मशीनच्या बोर्डाशी जोडी लावून कारखान्यातून येतं. दुसऱ्या मशीनचा बोर्ड आणून बसवला तरी जुन्या ड्राइव्हमध्ये गेम चालत नाही. सांगलीत आतेभावानं दोघांना दाखवला, एकानं हातच लावला नाही. कोल्हापूरला नेला, तिथं सांगितलं की करतो, पण होणाऱ्या खर्चात थोडे घातले तर नवाच येईल. शेवटी तो भंगारात गेला.

मला घरावर कौलं असलेली बरी वाटतात ती याचसाठी. कौल फुटलं तर तेवढं कौल बदलतात, छप्पर उतरवत नाहीत.

आतेभावाचं यावरचं उत्तर ठरलेलं आहे. "पंखा आज, एसएसडी उद्या, रॅम परवा. तुकड्या-तुकड्यानं तू दोन कन्सोलचे पैसे घातलेस." प्रत्येक दिवाळीला हे होतं, आणि दर वेळी आत्या मध्ये पडून विषय बदलते, म्हणून माझं पूर्ण बोलणं कधी होतच नाही. ते इथं करतो.

एक तर त्याच्या हिशेबात गेमचे पैसे कधीच नसतात. पीएस५ चा मोठा नवा गेम चार-पाच हजारांना येतो. विकत घेतलेला गेम ऑनलाइन खेळायचा तर सोनीच्या पीएस प्लस सेवेची वर्गणी वेगळी. पीसीवर ऑनलाइन खेळायला अशी वर्गणी नाही. एपिकच्या ऑनलाइन दुकानात तर दर आठवड्याला गेम फुकट मिळतो. मे २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये, त्यांनी जीटीए ५ फुकट वाटला. त्या दिवशी त्यांची साइट कोलमडली होती, तरी मी तो घेतला आणि नव्वद-पंचाण्णव जीबी रात्री-रात्री उतरवून पुरातून आलेल्या त्याच कार्डावर खेळलो. आतेभाऊ तेव्हा मोबाईलवर पब्जी खेळत होता, कारण कन्सोल नव्हता. २०२१ च्या फेब्रुवारीत पीएस५ भारतात आला, छापील किंमत ४९,९९०. माल मिळेना, म्हणून त्यानं वरचे पैसे मोजून घेतला. हे वरचे पैसे त्याच्या हिशेबात कुठं आहेत?

दुसरं म्हणजे पीसीनं कमावलंय. मी कुपवाड एमआयडीसीत ड्राफ्ट्समन आहे. लॉकडाऊनमध्ये कंपनीची ड्रॉइंग याच मशीनवर घरून केली, आजही बाहेरची फुटकळ कामं संध्याकाळी करतो. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत दिवाणजी आहेत, शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या घरी आणून ते या मशीनवर टाइप करतात. कन्सोलवर पट्टी निघत नाही. साताऱ्यात एका पगाराच्या घरात ६० हजारांची वस्तू येते तेव्हा घरातल्या बाकीच्यांना तिचा काय उपयोग, हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे.

एक गोष्ट मात्र आतेभावाच्या बाजूची आहे आणि ती मी मान्य करतो. त्याच्या डिस्क पुरातून वाचल्या. नळाखाली धुतल्या, सुती कापडानं मधून कडेकडं पुसल्या, सगळ्या चालल्या, आणि त्यातल्या निम्म्या त्यानं नंतर विकल्या. पीसीवर स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम विकता येत नाही. जुन्या डिस्क घ्यायच्या, खेळायच्या आणि विकायच्या अशी सवय असेल तर कन्सोल स्वस्त पडतो. पण मग डिस्कवालाच घ्या, डिस्क न चालणारा डिजिटल घेऊ नका, नाहीतर तो एकमेव फायदाही गेला.

आता तुमच्या ६० हजारांबद्दल. नवीन सुट्या भागांत पीएस५ च्या तोडीचा पीसी या पैशांत बसणं सध्या कठीण आहे. २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरमुळं रॅमचे भाव भडकलेत. म्हणून अर्धं जुनं, अर्धं नवं घ्या. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० किंवा बी५५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, एक एसएसडी, आणि जुनं आरटीएक्स ३०६० १२ जीबी किंवा आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड. हा प्रोसेसर ज्या खाचेत बसतो ते एएम४ सॉकेट मुद्दाम सांगतोय: २०१७ च्या बी३५० बोर्डावरसुद्धा बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करून २०२२ चा ५६०० बसतो, त्यामुळं जुन्या बाजारात याचे भाग भरपूर फिरतात. एसएमपीएस मात्र नवाच आणि चांगल्या कंपनीचा घ्या. मॉनिटर आत्ता घेऊच नका, टीव्हीला एचडीएमआयनं जोडा, कंट्रोलर पीसीलाही चालतो.

लाईट जाते तिथं घरच्या इन्व्हर्टरवर भरवसा ठेवायचा असेल तर त्याच्या मागं किंवा बाजूला यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू करा. दुसऱ्या मोडमध्ये बदल व्हायला जास्त वेळ लागतो आणि पीसी बंद पडतो. हे पीएस५ लाही लागू आहे, लाईट अचानक गेली की पुढच्या वेळी चालू होताना तोही तक्रार करतोच.

तुमचे मित्र म्हणतील की पीएस४ ची गोष्ट जुनी झाली. पीएस५ मध्ये मुख्य चिपवर उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टच्या जागी लिक्विड मेटल, म्हणजे पातळ धातू, आहे. ते वीजवाहक असतं, उघडताना सांडलं तर बोर्ड गेलाच, म्हणून आपल्याकडचे बरेच दुरुस्तीवाले त्याला हात लावायला तयार नसतात. पीएस५ स्लिमचा डिस्क ड्राइव्ह सुटा निघतो, पण बसवल्यावर इंटरनेटवरून जोडी लावावी लागतेच.

हे सगळं सांगूनही, तुम्ही फक्त जीटीए ६ साठी थांबला असाल तर गोष्ट वेगळी. तो १९ नोव्हेंबर २०२६ ला पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजवर येणार असं जाहीर झालंय, पीसीची तारीख हे लिहीपर्यंत नाही. जीटीए ५ कन्सोलवर २०१३ ला आला आणि पीसीवर २०१५ ला. तेवढं थांबायची तयारी नसेल, किंवा स्क्रू ड्रायव्हर हातात धरायचाच कंटाळा असेल, तर पीएस५ घ्या, मी अडवत नाही. घरात लहान भावंडं मिळून खेळणार असतील तरी कन्सोल सोयीचा. माझ्या आतेभावाला मात्र यातली एकही अडचण नव्हती, हे त्यानं वाचावं.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं तेव्हा मी कार्ड, प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी काढून टिफिनच्या पिशवीतून विश्रामबागला नेलं, पीसीची पेटी घरीच ठेवली. त्याच वर्षी कार्डांचा इतका तुटवडा होता की एनव्हीडिया कंपनीनं १०५० टीआय पुन्हा बाजारात आणलं. माझं तेच कार्ड आता पुतण्याच्या पीसीत आहे.

जुनं कार्ड घ्यायला जाल तेव्हा ते मायनिंगला, म्हणजे क्रिप्टोची नाणी मिळवायला, वापरलेलं आहे का हे थेट विचारा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोचं मायनिंग बंद पडल्यावर असली कार्डं बाजारात खूप आली. विकणाऱ्याच्या समोर अर्धा तास जड गेम चालवा आणि तापमान बघत राहा. ८५ अंशांच्या वर जात असेल तर पेस्ट आणि पॅडचा खर्च किमतीतून कापून मागा, आणि पंख्याचा खरखर आवाज येत असेल तर त्याचेही वेगळे कापा.