लाल पेन जरा बाजूला ठेवा

या वेळच्या पत्रांतली निम्मी एकाच तक्रारीची आहेत: मूल बोलतं भरपूर, पण लिहायला बसवलं की मख्ख. तीस वर्षं मी चौथी-पाचवीच्या वह्या तपासल्या. त्यामुळे हा विषय निघाला की मला आवरायला कुणीतरी लागतं. चार-पाच पत्रं निवडली आहेत. प्रश्न थोडक्यात देते, उत्तरं थोडक्यात होतीलच असं नाही.

मुलगा साडेचार वर्षांचा आहे. कागदभर रेघोट्या मारतो, 'हे पत्र आहे' म्हणतो आणि बोट फिरवत वाचूनही दाखवतो. दर वेळी मजकूर वेगळा! त्याच्याच वयाची भाची अक्षरं गिरवते. आमचा मागे पडतोय का?

तुमचा मुलगा लिहितोच आहे, फक्त अजून अक्षरं यायची आहेत. कागदावरच्या खुणांमध्ये काहीतरी 'म्हटलेलं' असतं, हे त्याला कळलंय. गिरवणाऱ्या कितीतरी मुलांना ते कळलेलं नसतं. ती बिचारी नुसती वळणं काढत असतात.

अलेक्झांडर लुरिया या रशियन मानसशास्त्रज्ञाने 1920च्या दशकात एक गंमत केली होती. लिहिता न येणाऱ्या लहान मुलांना त्याने लक्षात ठेवायला जड जातील इतकी वाक्यं ऐकवली आणि हातात कागद-पेन्सिल दिली. बऱ्याच मुलांनी मोठ्यांसारख्या नागमोडी ओळी नुसत्या ओढल्या. पण काहींनी कागदावर इथेतिथे खुणा केल्या आणि नंतर एकेका खुणेवर बोट ठेवून, तिच्या जागेवरून, वाक्य बरोबर सांगितलं. अक्षर एकही नाही, पण टिपण पक्कं!

तुम्ही एवढंच करा. त्याने चित्र काढलं की तो सांगेल ते खाली लिहा, त्याच्याच शब्दांत. 'मांजर पळाली कारण तिला राग आलता' म्हणाला तर 'आलता' लिहा, 'आला होता' नको. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य शब्दाला शब्द वाचून दाखवा. चार दिवसांनी मुद्दाम एक शब्द बदलून वाचा. 'मी असं नव्हतं म्हटलं' म्हणून तो तुम्हाला पकडेल, त्या दिवशी पेढे वाटायला हरकत नाही. लिहिलेलं बदलत नाही, हे त्याला समजलं.

हाताची काळजी असेल तर गिरवण्यापेक्षा माती मळू द्या, कात्रीने कागद कापू द्या, मणी ओवू द्या. आणि खडू मोडून द्या. अख्खा खडू मुठीत धरता येतो, दोन सेंटिमीटरचा तुकडा चिमटीतच धरावा लागतो. पकड शिकवायला याहून सोपी युक्ती मला तरी सापडलेली नाही. मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोममध्ये सुरू केलेल्या बालगृहात मुलं खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोटं फिरवायची, आणि त्यातली चार-पाच वर्षांची मुलं वाचायच्या आधी लिहायला लागली. भाचीला गिरवू द्या, याला पत्रं लिहू द्या.

मुलगी चौथीत आहे. एका पानात वीस चुका करते. मी रोज लाल पेनाने खुणा करून प्रत्येक शब्द पाच-पाच वेळा लिहून घेतो. चुका कमी होत नाहीत, उलट आता ती चार ओळींच्या वर लिहीतच नाही.

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य तुम्हीच एकदा परत वाचा. वीस चुका गुणिले पाच म्हणजे शंभर शब्द. चार ओळी लिहिल्या तर पंचवीस-तीसच पडतात. मुलगी हिशेबाला पक्की आहे.

रागावू नका, हा उद्योग मीही केलाय. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातली गोष्ट. 'माझी आजी' या विषयावर एका मुलाने पाऊण पान लिहिलं होतं. त्यातली एक ओळ अजून तोंडपाठ आहे: 'आजी गेली तेवा तिचा चश्मा खिडकीतच होता मग तो कोनीच हालवला नाही.' मी काय केलं? 'तेवा', 'चश्मा', 'कोनीच', 'हालवला', चार गोल. विरामचिन्ह नाही म्हणून पाचवा. वर दहापैकी चार गुण. पुढच्या निबंधात त्याने लिहिलं, 'माझी आई खूप प्रेमळ आहे. ती मला खूप आवडते.' एकही चूक नव्हती. मी खूश होऊन आठ दिले. त्या मुलाने वर्षभर पुन्हा कुठली खिडकी उघडली नाही. माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली, तोवर तो शाळा सोडून गेला होता.

म्हणून आता सांगते, आधी वाचक व्हा, तपासनीस नंतर. वही हातात आली की पहिलं वाक्य मजकुराबद्दल बोला: 'मग तो चष्मा आता कुठे आहे?' ती सांगेल. 'हे लिही ना इथे' म्हणा. पान वाढतं ते असं.

मग शुद्धलेखन सोडून द्यायचं? अजिबात नाही. मी जुन्या वळणाची बाई आहे, मला 'पाणि' बघवत नाही. पण मराठीत ऱ्हस्व-दीर्घ कानाला फारसं कळत नाही, त्यामुळे 'नीट ऐक' म्हणून उपयोग नसतो. नियम डोळ्यांनी शिकायचा, आणि एका आठवड्याला एकच. पहिला आठवडा: शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ. पाणी, कवी, गुरू, वाळू. 'आणि', 'नि', 'परंतु' असे मोजके शब्द सोडायचे. दुसरा आठवडा जरा मजेचा. 'फूल' दीर्घ, पण 'फुलाला' ऱ्हस्व. 'मूल' पण 'मुलाला'. 'बहीण' पण 'बहिणीला'. शब्दाला शेपूट लागलं की आधीचं अक्षर आखूड होतं, असं मी वर्गात सांगायचे आणि मुलं शेपूट लावत सुटायची. त्या आठवड्यात तिने स्वतःच्याच वहीत, स्वतःच्याच पेन्सिलीने, फक्त तेवढ्याच चुका शोधायच्या. बाकीच्या अठरा तुम्हाला दिसतील. त्यांच्याकडे कानाडोळा करायचा. तो करणं तिच्या शुद्धलेखनापेक्षा अवघड आहे, हे मान्य.

स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन या अमेरिकन अभ्यासकांनी 2007 मध्ये चौथी ते बारावीच्या मुलांवर झालेले अनेक प्रयोग एकत्र तपासले. व्याकरणाचे सुटे धडे गिरवून लेखन सुधारल्याचं त्यांना आढळलं नाही. आधी आखणी कशी करायची, लिहिलेलं पुन्हा कसं सुधारायचं हे पायरीपायरीने शिकवल्याने मात्र चांगलंच सुधारलेलं दिसलं. मला चष्म्यावरून जे कळलं ते त्यांना आकड्यांतून कळलं. त्यांनी निदान कुणाचे गुण कापले नाहीत.

नातू बारा वर्षांचा. 'माझा आवडता ऋतू' लिही म्हटलं की मोबाईलला विचारून सुंदर निबंध उतरवून काढतो. स्वतः लिहिलं तर दोन ओळी: 'मला पावसाळा आवडतो. मजा येते.' मी जुना माणूस, काय करू?

आजोबा, त्याच्या दोन ओळी मला मोबाईलच्या दोन पानांपेक्षा बऱ्या वाटल्या. निदान खऱ्या आहेत. खोट विषयात आहे. 'आवडता ऋतू' एवढा मोठा आहे की त्यात मुलाचं बोट कुठेच टेकत नाही. विषय लहान करा. 'गेल्या पावसात चिंब भिजलास, तेव्हा दप्तरातलं आधी काय वाचवलंस?' याचं उत्तर मोबाईलला माहीत नाही. ते फक्त त्यालाच माहीत आहे.

आधी पाच मिनिटं त्याला बोलू द्या. तुम्ही नुसते शब्द टिपा, वाक्यं नाही. समजा, चिठ्ठीवर आलं: 'वही, पोटाशी, शाई पसरली, मित्राची छत्री, उलटी झाली.' ती चिठ्ठी त्याच्या हातात द्या आणि उठून जा. समोर बसून राहिलात की तो तुमच्यासाठी लिहील, म्हणजे पुन्हा 'मजा येते'.

लिहून झाल्यावर तुकड्या-तुकड्यांची वाक्यं जोडायचा खेळ करा. 'पाऊस आला. मी छत्री विसरलो होतो. मी थांबलो.' यातून 'छत्री विसरल्यामुळे थांबावं लागलं' होतं, 'थांबलो खरा, पण छत्री असती तरी थांबलोच असतो' असंही होतं. दुसऱ्यात मुलगा दिसायला लागतो. वर सांगितलेल्या अभ्यासात या वाक्यजोडणीचाही फायदा दिसला होता.

आणि एक विनंती. तुम्हीही त्याच विषयावर अर्धं पान लिहा आणि त्याला दुरुस्त करायला द्या. तुमची एक ओळ त्याने काट मारून उडवली की राग गिळा. खाडाखोड ही मोठ्यांचीही होते, हे मुलांना दिसतच नाही. त्यांना आपण कायम पक्की प्रतच दाखवतो.

मुलगी डावखुरी आहे. लिहिताना हात शाईवर घासतो, मनगट वाकडं करते. सवय बदलावी का?

हात बदलू नका. कागद फिरवा. त्याचा वरचा भाग थोडा उजवीकडे कलता ठेवा आणि पेन्सिल टोकापासून तीनेक सेंटिमीटर वर धरायला सांगा, म्हणजे लिहिलेलं दिसतं आणि मनगट सरळ राहतं. पटकन वाळणारी शाई घ्या. वर्गात उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डावीकडे बसवायला सांगा, कोपराला कोपर लागत नाही.

मुलगी चौदा वर्षांची. तिची डायरी सहज हाती लागली. (खरं सांगते, शोधली.) लिहिते फार छान, मी रडलेच. पण ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका खूप आहेत. तिला न दुखावता कशा सांगू?

सांगू नका! ती डायरी तुमच्यासाठी लिहिलेली नाही. ती होती तिथे, होती त्याच कोनात ठेवून द्या. पानावर डोळ्यांतलं पाणी पडलं असेल तर आधी वाळू द्या.